धुरपदाईची सुरखी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. मोजणारे कधीच गेले. खडकवळण गावात धुरपदा नावाची एक बाई होती. नवरा गवंडी होता. तो वारला, आणि त्याच्यामागे तिने एक वेड घेतलं. कुठे घर पाडलं, कुठे नवं उभं राहिलं, की ही पाटी घेऊन हजर. फुटक्या विटा, कौलांचे तुकडे, सगळं उचलायची आणि अंगणात रास घालायची. बाकीचं गाव असला राडारोडा ओढ्यात लोटून मोकळं व्हायचं. ओढा बुजत चालला होता, पण ते बघतो कोण! उलट लोक तिलाच हसायचे. "धुरपदे, खापराचा महाल बांधतीस व्हय?"

गावाचं सगळं पाणी एका तळ्यात. तळ्याला भिंत होती, पण ती गळायची. दरसाल बाळोजी गवंडी नवा दगड, नवा चुना लावी आणि दरसाल शिमग्याला तळ्याचा तळ दिसे. मग बायकांना तीन कोसांची पायपीट. शेवटी पाटलांनी सांगून टाकलं, "औंदा भिंत टिकली न्हाई, तर गाव उठवायचं." म्हातारीकोतारी रडायला लागली. वाडवडलांची माती सोडून जायचं कुठं?

तेव्हा धुरपदा बाळोजीकडे गेली. "निस्त्या चुन्याला पाण्यात धीर धरवत न्हाई, भावजी. त्यात सुरखी घाला. आमचं धनी घालायचं."

सुरखी म्हणजे भाजल्या विटा-कौलं कुटून केलेली तांबडी भुकटी. धुरपदा उखळाशी बसली. दिवसभर मुसळ चालायचं. असं म्हणतात, की तिच्या घावासरशी रास आपोआप तिच्याकडे सरकायची. हळूहळू हसणाऱ्या बायकाही मुसळं घेऊन आल्या. पुरुषांनी ओढ्यात लोटलेले तुकडे खणून काढले, आणि जाता जाता ओढाही मोकळा झाला.

भिंत चढली. हातभर खिंडार उरलं आणि सुरखी संपली. गावात फुटकं म्हणून एक खापर राहिलं नव्हतं. पश्चिमेला आभाळ काळं झालेलं. पाटील ओरडले, "भट्टीतल्या कोऱ्या विटा फोडा!"

धुरपदा आडवी आली. "साबूत विटंला कुनाचं तरी घर व्हायचंय. ती फोडू देनार न्हाई."

"वैनी, गाव जाईल हो!" बाळोजी कळवळला.

"मंग जरा दम धरा."

हट्टी होतीच. मला तरी तिचा हा हट्ट कधी पुरता कळला नाही. पण पुढचं ऐका.

असं म्हणतात, तेवढ्यात वावटळ उठली. शंभर घरांना तिने बोटही लावलं नाही. एकट्या धुरपदेच्या घरावरून गेली आणि सगळं छप्पर अंगणात आपटलं. एक कौल धड राहिलं नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले. धुरपदा मात्र पाटी घेऊन वाकली. "आलं बघा," म्हणाली, "उचला बिगीबिगी."

पाऊस पोहोचायच्या आत खिंडार भरलं. तळं तुडुंब झालं, आणि पुढच्या शिमग्यालाही काठाशी पाणी होतं. गाव राहिलं.

पण धुरपदेच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. नवी कौलं मिळायला दिवाळी उजाडणार. म्हणून त्याच पावसात प्रत्येक घराने आपल्या छपरावरचं एक चांगलं कौल काढून तिच्या घरावर चढवलं. शंभर घरं ठिबक ठिबक गळली, तिचं एक कोरडं राहिलं.

आजही खडकवळणात पाडलेल्या घराच्या विटा-कौलांचे तुकडे ओढ्याकडे जात नाहीत. ते तळ्याकाठी धुरपदाईच्या उखळाशी येतात, कुटले जातात, भिंतीच्या डागडुजीला लागतात. आणि वादळात कुणाचं छप्पर गेलं, तर त्याने मागायच्या आत दारादारातून एकेक कौल निघतं. त्यामुळे त्या गावात पावसाळ्यात पुरतं कोरडं घर सापडणं कठीण. पाहुणे विचारतात, "घरात जागोजागी पातेली का मांडलीत?"

घरची बाई म्हणते, "धुरपदाईचं पानी हाय ते. गळू द्या."