डबीतला ‘जणू’

एका राज्यात कवी फार झाले होते. फूल फुलले की कोणीतरी धावत जाई आणि ते कोणाच्या तरी गालाला जुंपून येई. हरणाने मान वळवायचा अवकाश, त्याचे डोळे कोणत्या तरी राजकन्येच्या नावावर चढलेले असत. झाडे, पाखरे, नद्या सगळी कवींच्या चाकरीला होती, आणि कोणी त्यांना विचारले मात्र नव्हते.

या कवींत पहिले आसन रविदत्ताचे. एकदा राजसभेत धूमाक्षी नावाची जादूगारीण आली. रविदत्ताने बसल्या जागी तिच्या डोळ्यांवर श्लोक केला: ‘जणू घुबडाचे डोळे, उजेडास भ्यालेले.’ सभा पोट धरून हसली.

धूमाक्षीने विचारले, “कविराज, मी घुबड आहे?”

“मी कुठे तसं म्हणालो? मी ‘जणू’ म्हणालो.”

“म्हणजे वाटेल ते बोलायचं आणि त्या एका शब्दाच्या आड लपायचं,” धूमाक्षी म्हणाली. “आजपासून तो आडोसा नाही.”

तिने हवेतून चिमटीत तो शब्द उचलला, कुंकवाच्या डबीत घातला, झाकण लावले आणि डोंगराकडे चालती झाली. ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘सम’ ही त्या शब्दाची भावंडेही तिच्या पाठोपाठ गेली. तिने काहीतरी नेले, एवढे लोकांच्या लक्षात राहिले. काय नेले, ते कोणालाच सांगता येईना.

आणि मग कवी जे म्हणत ते होऊ लागले. राजाला सिंह म्हटले, तर राजा दिवसभर पाय ताणून झोपू लागला. कोणी उठवलेच तर जांभई देऊन कूस बदली. प्रधानाला पर्वत म्हटले, तर तो सभामंडपाच्या मधोमध बसून राहिला. त्याच्या खांद्यांवर गवत उगवले. झाडलोट करणाऱ्या बायका त्याला वळसा घालून केर काढू लागल्या.

तेवढ्यात पौर्णिमेचा उत्सव आला. रविदत्त आपल्या पत्नीवर, वेणुमतीवर, श्लोक म्हणायला उभा राहिला. ‘वेणुमतीचे मुख’ म्हणाला आणि जीभ अडखळली. तिथे पूर्वी काहीतरी असे. आता नव्हते. पण वृत्त मोडले तर कवीची अब्रू जाते, मात्रा भरायलाच हव्यात. त्याने हाताशी असलेला एक ‘च’ ठोकून दिला. ‘वेणुमतीचे मुख चंद्रच!’ सभेने वाहवा केली. दुसऱ्या दिवसापासून वेणुमती कलेकलेने उतरू लागली.

आधी गाल गेला, मग कपाळ, मग सगळी ती. अमावास्येला घरात नुसते लुगडे आणि बांगड्या फिरत. तव्यावरची भाकरी आपोआप उलटे. मग ती थोडीथोडी परत येई, पौर्णिमेला पुरी होई, की लागलीच उतरण सुरू. असे कितीतरी महिने चालले. आणि एका खेपेला तिच्या डाव्या हाताची करंगळी परत आलीच नाही.

“अहो, मी दमले,” वेणुमती म्हणाली. “हे जाणं-येणं होत नाही आता. या अमावास्येला गेले तर परत यायचं बळ उरेलसं वाटत नाही.”

रविदत्तही दमला होता. श्लोक उलटा फिरवायला दुसरा श्लोक करावा, तर तिचे आणखी काय होऊन बसेल याची धास्ती. त्याने पायांत वहाणा घातल्या आणि डोंगराची वाट धरली.

धूमाक्षी दारात तांदूळ निवडत होती.

“जे नेलंस ते परत दे,” रविदत्त म्हणाला.

“काय नेलं?”

“ते मला सांगता येत नाही.”

“मग तीन पाखरांकडे जा. तुम्ही कवींनी ज्यांना सगळ्यांत जास्त राबवलंत त्यांच्याकडे. चातक, राजहंस आणि चकोर. त्यांना काय हवं होतं ते विचार, आणि उत्तरं घेऊन ये.”

चातक एका भरल्या तळ्याच्या काठी, वाळक्या फांदीवर, चोच आभाळाकडे करून बसला होता. तो मेघाचेच पाणी पितो असे कवी म्हणाले होते, आणि मेघ कुठे दिसत नव्हता.

“खाली तळं आहे,” रविदत्त म्हणाला.

“ठाऊक आहे. मान वाकत नाही.”

“तुला काय हवं होतं?”

“पाणी,” चातक म्हणाला. “तहान लागली की पाणी. आणखी काय हवं असणार?”

रविदत्ताने ओंजळभर पाणी वर धरले. ते चोचीला लागले आणि बाहेरूनच ओघळून गेले. चातकाच्या निष्ठेवर, विरहावर, भक्तीवर आपण केलेली कडवी त्याला एकामागून एक आठवू लागली. एकातही त्याच्या कोरड्या घशाचा विचार नव्हता. रविदत्ताला स्वतःची लाज वाटली आणि तो खाली मान घालून निघाला.

राजहंसापुढे माणसांची रांग लागली होती. हंस दूध वेगळे करतो आणि पाणी वेगळे, असे कवी सांगून चुकले होते. तेव्हा राज्यातल्या गवळ्यांवर ज्यांचा म्हणून भरवसा नव्हता, ते सगळे आपापला तांब्या घेऊन उभे होते.

“रांगेत या,” हंस चोच न उचलता म्हणाला. “मला काय हवं होतं? शेवाळ. चिखलातल्या मुळ्या. दूध मला बाधतं हो, पण ऐकतो कोण?”

चकोर खडकाळ टेकडीवर भेटला. कवी म्हणाले म्हणून निखारे खाऊन त्याची चोच करपली होती, आणि रात्ररात्र चंद्राकडे पाहून डोळे सुजले होते.

“मी रात्री झोपणारा पक्षी,” तो म्हणाला. “चंद्र मी कधी नीट पाहिलासुद्धा नव्हता. मला किडे हवे होते आणि झोप.” मग एक डोळा कसाबसा उघडून त्याने विचारले, “तुझ्या बायकोला काय हवं होतं?”

रविदत्ताने तिच्यावर एवढे श्लोक केले, पण तिला विचारायचे राहूनच गेले होते.

तो धूमाक्षीच्या दारी परतला, तेव्हा त्याचे पाय सुजले होते. तिघांची उत्तरे त्याने जशीच्या तशी सांगितली.

“आणि घुबडाला काय हवं होतं?” धूमाक्षीने विचारले.

रविदत्ताने तिच्याकडे पाहिले. इतक्या जवळून, उजेडात, प्रथमच. “तुझी बुबुळं तपकिरी आहेत,” तो म्हणाला. “पापण्या सुजल्या आहेत. चुलीच्या धुराने डोळ्यांना पाणी येतं, म्हणून तू ते बारीक करतेस. मी चुकलो.”

धूमाक्षीने तांदळाचे सूप बाजूला ठेवले. मग तिने डबी त्याच्या हातावर ठेवली.

“ही वेणुमतीपुढे धर आणि तिचा चेहरा सांग. आभाळातलं, तळ्यातलं, बागेतलं काही उसनं घ्यायचं नाही. खरं बोललास तर झाकण उघडेल.”

रविदत्त घरी पोचला त्या दिवशी वद्य चतुर्दशी होती. वेणुमतीचा एक कान, कानातली कुडी आणि गालाची एक कड, एवढेच उरले होते. त्याने डबी पुढे धरली आणि तोंड उघडले. ओठांवर आधी कमळ आले, ते त्याने गिळले. मग चंद्र आला, तोही गिळला. मग काहीच आले नाही. इतकी वर्षे तिच्याकडे पाहतो असे म्हणून तो चंद्राकडेच पाहत आला होता, तिचा चेहरा त्याला आठवेना. रविदत्त मटकन खाली बसला आणि रडू लागला.

कुडी हलली. “राहू द्या,” वेणुमतीचा आवाज आला. “दमून आलात. आधी पाणी घ्या.”

पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे येऊन थांबला. रोज याच हातांनी येई, तसाच. रविदत्त पाणी प्यायला आणि हळूहळू बोलू लागला.

“तुझ्या उजव्या भुवईत एक फट आहे. लहानपणी पायरीवर पडलीस तिथली.”

भुवई दिसू लागली.

“गालांवर वांग आहेत. चूल फुंकताना तुझी एकच नाकपुडी फुगते. हसताना तू वरचा ओठ दाबून धरतेस, कारण पुढचा दात तिरका आहे. कपाळावर दोन आठ्या आहेत. त्या माझ्यामुळे पडल्या.”

झाकण थरथरले, पण उघडेना. रविदत्ताने तोच जुना श्लोक पुन्हा धरला. ‘वेणुमतीचे मुख’ म्हणाला आणि जीभ त्याच जागी अडखळली. या वेळी तो घाबरला नाही. समोर दिसत होते ते त्याने सांगितले.

“वेणुमतीचे मुख वेणुमतीचेच.”

तोच ‘च’, पण आता जागेवर बसला. डबी उघडली. ‘जणू’ बाहेर पडला, आणि त्याची भावंडे डोंगरावरून धावत खाली आली. राजा उठून बसला आणि त्याने वरणभात मागितला. प्रधानाने खांद्यावरचे गवत झटकले. तळ्याकाठी चातकाने मान वाकवली. हंस रांग सोडून चिखलात शिरला, आणि चकोर पंखांत तोंड खुपसून गाढ झोपी गेला.

वेणुमतीने आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला. करंगळी होती. ती भिंतीला टेकून बसली आणि रविदत्त तिच्या शेजारी.

“तुला काय हवं होतं?” त्याने विचारले.

“तुम्ही माझ्याकडे बघून बोलावं. एवढंच.” मग ती म्हणाली, “पण श्लोक अगदीच सोडू नका. मला शेवगा म्हणा. दिसायला किरकोळ, पण आमटीला चव आणतो.”

“शेवगा,” रविदत्त म्हणाला. “बरं.”

“आणि ‘जणू’ लावा हो आठवणीने. नाहीतर उद्या अंगाला शेंगा लागायच्या.”

रविदत्त हसला. वेणुमतीही हसली, आणि ओठ दाबायचे विसरली.