वहिवाट

त्या राज्यात प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, आणि तेही फुकट. वडाच्या बुंध्यातल्या खिडकीत सरडा बसे. वर पाटी होती: ‘सामान्य रहिवाशांच्या कायदेविषयक शंकांचे येथे निरसन होईल.’ कुणी काहीही विचारो, सरडा आधी मान डोलवी, मग पोथी उघडी आणि मग उत्तर देई. त्याचं उत्तर चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

माळावरची कासवीण नाकासमोर चालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बिळातून निघावं, उतार उतरून डोहावर पाणी प्यावं आणि परत यावं, एवढाच तिचा संसार. एका सकाळी साळिंदराने उताराला काट्यांचं कुंपण घातलं. डोह आत गेला. साळिंदर तसं वाईट नव्हतं. खिडकीतल्या दौतीसाठी ते रोज द्रोणभर पाणी न चुकता पाठवी.

कासवीण खिडकीशी पोचली तेव्हा दुपार झाली होती.

“साहेब, माझी पाण्याची वाट अडवलीय. आता काय करू?”

“तुमचा वहिवाटीचा हक्क आहे, काकू,” सरडा म्हणाला. “जो ज्या वाटेने रोज जातो-येतो, ती वाट त्याची. फक्त वाटेवरचं गवत झिजलेलं दिसलं पाहिजे.”

ती आनंदाने परतली. पण कुंपणाआड डोहाच्या ओलीने गवत तरारून आलं होतं, आणि ते झिजवायचं तर आत जायला हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीशी गेली. कुंपण मोडलं तर चालेल का? नाही, तो गुन्हा. खालून उकरलं तर? तेही मोडणंच, फक्त खालून. मग वरून? सरड्याने पोथी दोनदा चाळली.

“वरून जायला काहीच हरकत नाही, काकू. आकाश सर्वांना मोकळं आहे.”

रोज एक प्रश्न उरे आणि रोज ती जाई. दव चाटून दिवस काढी. मानेची कातडी चिरली, डोळे खोल गेले. आपण अशाच वाळून मरणार, या विचाराने ती घाबरून जाई. तरी पुन्हा चालू लागे, कारण उत्तर दर वेळी बरोबर असे.

अखेर तिने जागेवर येऊन पाहणी करा, असा अर्ज दिला. सरडा आला. त्याची धाव कुठवर, हे साऱ्या राज्याला ठाऊक होतं. कुंपणापाशी येऊन तो थांबला आणि मागे वळून पाहू लागला. तिच्या बिळापासून त्याच्या खिडकीपर्यंत गवताची काडी उरली नव्हती.

“काकू, झालं तुमचं काम,” तो म्हणाला. त्यालाही मनापासून बरं वाटलं. तिथेच वडाच्या पानावर त्याने लिहिलं: बीळ ते खिडकी, वहिवाटीचा हक्क मंजूर, वंशपरंपरेने. खाली शिक्का उमटवला आणि पान तिच्यापुढे धरलं.

शाई अजून ओली होती. कासविणीने मान बाहेर काढली आणि शिक्का चाटला.