आधी वर गेलेला हात

"पण पाळकबाबा, हात मी स्वतःहून वर केला होता! सगळ्यांच्या आधी! तो काय देवानं धरून वर केला?"

कुष्ठधामाच्या ओसरीवर बसून आमोस पाळक कापसाची बारीक वात वळत होते. कुष्ठरोगानं त्यांचीही बोटं आखडली होती. बरे झाले, पण इथून गेले नाहीत.

हे विचारणारा शांतवन आवळे सकाळीच सायकल हाणत आला होता. येत्या रविवारी चर्चच्या मंडळीसमोर त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पाळक करायचं ठरलं होतं. गडी उपदेशाला उभा राहिला की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. एका सभेत येशूला कोण स्वीकारतं असं विचारल्यावर हात वर केला आणि आपण कसे वाचलो, ही साक्ष त्यानं इतक्यांदा दिली होती, की आता त्याचे अश्रूसुद्धा ठरल्या वाक्याला यायचे.

आठवड्यापूर्वी मात्र त्याची झोप उडाली. माणूस देवाला निवडत नाही, देव माणसाला निवडतो, हे पाळकबाबाच त्याला शिकवत आले होते. इतकी वर्षं त्यानं ते नुसतं ऐकलं होतं. आता ते त्याच्या मानगुटीवर बसलं.

"आणि त्यानं मला निवडलंच नसेल तर?" शांतवनचा आवाज चिरकला. "मी कितीही ठरवलं, तरी...?"

"बस," पाळक म्हणाले. "आधी यांचं बघू."

बाकावर नवी आलेली हौसाबाई बसली होती. तिच्या दंडावर फिकट चट्टा होता. चट्टा बधिर आहे का ते बघायला पाळकांनी तिला डोळे मिटायला सांगितलं.

"कापूस जिथं लागेल, तिथं बोट ठेवायचं."

वात अजून टेकलीही नव्हती, तोच हौसाबाईनं बोट ठेवलं. "हितं!" मग घाईघाईनं दुसरीकडं. "हितं बी!" सगळं भलतीकडंच. तिला दरदरून घाम फुटला होता. आपल्याला काही झालेलं नाही, एवढंच त्या बिचारीला दाखवायचं होतं.

"घाबरू नका, बाई. गोळ्यांनी बरं होतं," म्हणत पाळकांनी तिला औषधाच्या खिडकीकडं पाठवलं.

ती गेल्यावर ते शांतवनला हळूच म्हणाले, "ज्यांना लागत नाही, त्यांचंच बोट सगळ्यांच्या आधी येतं."

उजवा हात शांतवननं मांडीखाली दाबून धरला, जणू तो पुन्हा आपणहून वर जाईल.



मग त्यानं डोळे मिटले आणि तोच हात पुढं केला. पाळकांनी वात टेकवली नाही. शांतवननंही बोट हलवलं नाही.

"काय लागतंय?"

"काही नाही, बाबा... साक्ष नाही, आनंद नाही, काहीच नाही. नुसती भीती वाटतेय. त्यानं मला सोडलं, तर मी कुठं जाऊ...?"

आमोस पाळकांनी वात खाली ठेवली.

"भीती वाटतेय, ती जागा बधिर नाही. तिथं बोट ठेव."