आधी जोर की आधी धाव

"वस्ताद, मग तुम्हीच सांगा... आधी जोर की आधी धाव?"

रणधीरनं भरल्या तालमीत विचारलं.

वस्ताद निजाम मुलाणी ओट्यावर बसले होते. हातात दुधाचा पेला होता. त्यांनी एक घोट घेतला, मिशीवरची साय पुसली आणि पेला बाजूला ठेवला.

रणधीरनं पुन्हा तेच विचारलं. या वेळी जरा मोठ्यानं, मागच्या भिंतीला टेकलेल्यांनाही ऐकू जाईल असं.

असं विचारायचा आपल्याला हक्क आहे, असं त्याला वाटत होतं. बाराव्या वर्षी तो शिरगुंडीच्या या तालमीत आला, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. जिल्ह्याचं अजिंक्यपद त्यानं लागोपाठ दोनदा आणलं होतं. गावच्या वेशीवर त्याच्या फोटोचा मोठा फलक लागला होता. त्या फलकाखालून जाताना तो आता मान वर करत नसे. न बघताही आपण तिथं आहोत, हे ठाऊक असण्यात त्याला जास्त सुख वाटे.

आणि आजचा दिवस तर खास होता.

तालमीचे खलिफा बापू, म्हणजे वस्तादांच्या हाताखाली सगळ्यांची मेहनत करून घेणारे, साखर कारखान्यात नोकरी लागून परगावी गेले होते. महिनाभर ती जागा रिकामी होती. नवा खलिफा कोण, ते वस्ताद आज सांगणार होते.

रणधीरच्या मनात दुसरं नाव येतच नव्हतं. गावाच्याही येत नव्हतं. त्याच्या आईनं सकाळीच पेढ्यांसाठी दूध आटवायला ठेवलं होतं.

म्हणून तो आज फळा घेऊनच आला होता.

चांगला तीन फुटांचा फळा, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. आधी जोर. मग बैठका. मग वजनं. शेवटी धाव. खाली ठसठशीत रेघ, आणि रेघेखाली : 'हा क्रम सर्वांना लागू.'

फळा भिंतीला टेकवून रणधीर बोलायला लागला, आणि बोलला तो छानच. पुण्याच्या शिबिरात तो दोन महिने राहून आला होता. तिथं त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. ताजं अंग ताकदीला द्यायचं. पळून आलेल्या पायांनी बैठका मारल्या की गुडघा हलतो, पाठ वाकते, आणि एखाद्या दिवशी माणूस कायमचा घरी बसतो. दम नंतरही काढता येतो, ताकद नंतर काढता येत नाही.

ऐकणाऱ्यांच्या माना हलत होत्या. रणधीरला ते दिसत होतं.

मग त्यानं आपल्या तालमीचं काढलं. सकाळी सहाला सगळी तालीम बिरोबाच्या टेकडीवर पुढच्या वाटेनं पळत जाते आणि मागच्या वाटेनं उतरून परत येते, तेवढं एक सगळ्यांचं सारखं. बाकी कुणाचा कुणाला मेळ नाही. सुकुमार मगदूम पाचला येऊन आधी कुस्तीच्या हौदातली लाल माती फावड्यानं खालीवर करतो, जोर मारतो आणि मग पळतो. महादू टेलर, ज्यांना साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी इथं धाडलं आहे, ते आधी पळतात आणि नंतर कशाबशा पन्नास बैठका मारतात. पाटलांचे जुळे भाऊ बघा. एकाच दिवशी जन्मले, एका ताटात जेवतात, तरी एक बैठका आधी मारतो आणि दुसरा नंतर. बाहेरचा कुणी आला तर काय म्हणेल?

जुळे भाऊ एकमेकांकडे बघून हसले.

रणधीरनं आपलं स्वतःचं मात्र सांगितलं नाही. पहिल्या दिवसापासून वस्तादांनी त्याला एकच सांगितलं होतं, तू आधी पळ. अकरा वर्षं तो सहाला येत होता, थेट टेकडीवर जात होता आणि परत आल्यावर जोर काढत होता. पळून आल्यावर तीनशेव्या जोराला त्याचे दंड थरथरायला लागत. ताज्या अंगानं आपण सहाशे मारू, हे त्याला ठाऊक होतं. ते सहाशे या तालमीनं कधी पाहिलेच नव्हते, आणि हेच त्याला आतून डाचत होतं.

म्हणून आज तो न विचारता पाचला आला होता.

"सहाशे मारले, वस्ताद. सुकुमारला विचारा, त्यानं मोजलेत. आणि नंतर पळालो, तरी टेकडीवर पहिला मीच."

सुकुमारनं तोंडातले हरभरे चावत मान डोलावली. सहाशे खरे होते.

वस्ताद उठले. फळ्याजवळ गेले. अक्षरांवरून बोट फिरवलं, रंग वाळलाय का ते बघितलं.

"अक्षर सुबक आहे. कुठं करून घेतलास?"

"आटपाडीला."

"चांगलं काम केलंय."

ते परत येऊन ओट्यावर बसले.

...

रणधीर वाट बघत राहिला. सगळी तालीम बघत होती.

"तुझं खरं आहे," वस्ताद म्हणाले.

तालमीत चुळबुळ झाली. वस्ताद इतक्या लवकर कुणाचं कबूल करत नसत.

"शिबिरातली माणसं शिकलेली. ती खोटं कशाला सांगतील? थकल्या पायांनी बैठक मारली की गुडघा हलतो. मी स्वतः बघितलंय."

"मग लावू फळा?"

"लाव की. खिळा आणलायस?"

खिळाही आणला होता, हातोडीही आणली होती. रणधीरनं दाराच्या बाजूची जागा निवडली, येणाऱ्याचं पहिलं लक्ष जाईल अशी. त्यानं खिळा भिंतीला लावला आणि हातोडी उचलली.

"त्याआधी एक सांग," मागून वस्तादांचा आवाज आला. "आज टेकडीवर शेवटी कोण पोचलं?"

रणधीरनं वळून बघितलं. त्याला हसू आलं. टेकडीवर पहिला कोण पोचला, हे लोक विचारत. शेवटचा कोण, हे कुणी विचारतं होय?

"महादूकाका, दुसरं कोण," तो म्हणाला.

"ए बाबा," महादू टेलर भिंतीजवळून म्हणाले. पंचेचाळिशीचा माणूस, पोटाचा घेर अजून पुरता उतरला नव्हता, पण मानी होता. "मी शेवटून तिसरा. दोघं असतात माझ्या मागं. नाव घ्यायचं तर बघून घेत जा."

हशा पिकला. रणधीरही हसला.

"मग सुकुमार."

सुकुमारनं दोन बोटं वर केली. तो म्हणाला, शेवटून दुसरा आपण, आणि ती जागा त्यानं गेली चार वर्षं कुणाला दिलेली नाही. पुन्हा हशा पिकला, पण या वेळी तो लवकर विरला.

"मग कोण?" रणधीरनं जुळ्या भावांकडे बघितलं. त्यांनी माना हलवल्या. त्यानं एकेकाकडे बघितलं. जो तो कुठंतरी दुसरीकडेच बघत होता. त्याच्या लक्षात आलं की हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"वस्ताद, मी सगळ्यांच्या पुढं असतो. मागं कोण आहे ते मला कसं कळणार?"

हे म्हणताना त्याची छाती पुढं आली होती. म्हणून झालं, आणि तेच वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं...

हातोडी त्यानं खाली घेतली.

वस्तादांनी मांडी मोडली आणि एक पाय ओट्यावरून खाली सोडला. पोटरीपर्यंत धूळ होती. धोतराच्या काठाला गवताची कुसळं चिकटलेली होती, भरपूर, काठभर. असलं गवत गावात कुठं उगवत नव्हतं. ते फक्त टेकडीवर होतं.

वस्तादांनी एक कुसळ उपटलं आणि ओट्यावर ठेवलं.

"टेलरची छाती अर्ध्या चढाला भरते. आधी बैठका मारल्या तर पाव चढालाच भरेल. म्हणून तो आधी पळतो."

दुसरं कुसळ.

"सुकुमारचं अंग गार असलं की उताराला त्याचा उजवा गुडघा आत वळतो. माती खणून तापला की सरळ पडतो. म्हणून तो नंतर पळतो."

तिसरं.

"हा जुळ्यातला थोरला, चढाला रडत जातो. धाकटा माघारी येताना रडतो. आई एक, पण दम एक नाही."

रणधीर ऐकत राहिला. अकरा वर्षं. निघताना वस्ताद ओट्यावर असत. तो परत येई, मातीत उतरे, खाली मान घालून जोर मारायला लागे. मान वर करी तेव्हाही वस्ताद ओट्यावरच असत. म्हातारा माणूस, बसून असणार, असं तो धरून चालला होता. विचारावं असं कधी त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"आम्हांला वाटलं, तुला माहीत असेल," महादू टेलर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात आता टोमणा नव्हता.

सत्तरी ओलांडलेला माणूस रोज टेकडी चढत होता. एकही सकाळ न चुकवता, शेवटच्याच्याही मागून. जिल्ह्यात किती तालमी आहेत, आणि कुठल्या तालमीत असा वस्ताद असेल? रणधीरची छाती पुन्हा भरून आली. अभिमान तसाच होता, तेवढाच मोठा. फक्त या वेळी तो त्याचा स्वतःचा नव्हता.

त्यानं विचारलं, "आणि मी?"

वस्तादांचा हात थांबला.

"तू काय?"

"माझा दम कुठं जातो? माझं काय चुकतं?"

...

"तू मला दिसत नाहीस, लेका," वस्ताद म्हणाले. "लांब असतोस. बारा वर्षांचा होतास तेव्हा दिसायचास. तेव्हा जोर काढायला तुला सांगावं लागत नव्हतं, आणि पळायचं म्हटलं की तुझ्या पोटात दुखायचं. म्हणून तुला आधी पळवलं. आता काय आधी हवं, ते मला सांगता येत नाही. तू आज सहाशे मारलेस म्हणतोस, ते बरोबरही असेल. माझ्या नजरेच्या टप्प्यात तू राहिलाच नाहीस."

हे ते ओशाळून म्हणत नव्हते आणि रागानंही म्हणत नव्हते. आपला चेला आपल्या नजरेच्या पलीकडे गेला, याचं एक वेगळंच तेज त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते बघून रणधीरला खाली बघावं लागलं.

त्यानं खिळा खिशात टाकला. फळा उचलला आणि अक्षरं भिंतीकडे करून कोपऱ्यात ठेवला. हे करताना त्याचे कान तापले होते. घरी आईची कढई चुलीवर असेल, ते त्याला आठवलं. गल्लीतल्या बायका येऊन बसल्या असतील. आता घरी जाऊन काय सांगायचं?

तसंच निघून जावं, असं त्याला वाटलं. तो दारापर्यंत गेलाही.

मग थांबला, परत फिरला आणि वस्तादांसमोर खाली जमिनीवर बसला. इतकी वर्षं तो त्यांच्यासमोर उभा राहूनच बोलत आला होता.

"वस्ताद, खलिफा कोण, ते तुम्ही आज सांगणार होता," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "जे नाव असेल ते सांगा. मी त्याच्या हाताखाली मेहनत करीन."

सुकुमारनं हरभरे चावायचं थांबवलं.

वस्ताद धोतराच्या काठावरून बोट फिरवत राहिले. त्यांनी आणखी एक कुसळ काढलं, उजेडात धरून बघितलं, टाकून दिलं. मग रणधीरकडे नीट बघितलं. अकरा वर्षांपूर्वी पोट धरून उभ्या राहिलेल्या मुलाकडे बघत, तसंच.

"उद्या माझे गुडघे दुखणार आहेत," ते म्हणाले. "सगळ्यांच्या मागून आता खलिफानं चढायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळी तालीम टेकडीकडे निघाली. वस्ताद ओट्यावरच बसून राहिले. टेकडीवर शेवटी पोचला तो रणधीर, सुकुमारच्या मागून.