हेरंबरावांचा अडकलेला हात

नगरसेवक हेरंबराव टिपणीस यांनी खर्चाच्या ठरावाला कधी हात वर केला नव्हता, आणि बचतीच्या ठरावाला हात वर केल्यावाचून ते कधी राहिले नव्हते. याच कीर्तीवर ते दरवेळी निवडून येत. त्या दिवशी भाजीबाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधण्याचा ठराव आला. मतं समसमान पडली आणि सगळं हेरंबरावांवर येऊन ठेपलं.

"कशाला हवंय ते?" हेरंबराव म्हणाले. "इतकी वर्षं भाजीवाल्यांनी भागवलंच ना? सगळा सवयीचा प्रश्न आहे."

नव्यानं निवडून आलेल्या मंदाताई लोखंडे उठल्या. "पटलं, टिपणीसकाका. मग आधी माझा बचतीचा ठराव घ्या. या इमारतीतलं आपलं स्वच्छतागृह आजपासून बंद. पाणी वाचेल, वीज वाचेल, फिनेल वाचेल. आपणही सवय करू."

'वाचेल' ऐकताच हेरंबरावांचा हात निम्मा वर गेला आणि तिथंच थबकला. त्यांना मधुमेह होता. सभेतून दोनतीनदा उठावंच लागे. हात वर नेला तर पंचाईत, खाली आणला तर खर्चाला मत! त्यांना काही सुधरेना.

"काका, हात वर धरू की खाली?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"अहो, पण माणसानं जायचं कुठं?" हेरंबराव कळवळले.

"भाजीवाल्या हेच विचारताहेत, काका," मंदाताई म्हणाल्या.

सभागृह हसत सुटलं. हेरंबराव गोंधळून आपल्याच हाताकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी तो पुरता वर केला.

"हा बाजाराच्या ठरावाला," ते पुटपुटले, "आणि मी आलोच हं, तोवर कुणी काही बंद करू नका!"