दोनदा ओढलेला दोर

पाणी कमी आणि विहिरी जास्त अशा एका गावात तुळाजी आणि रंभाजी हे दोघे मित्र विहिरींतला गाळ काढायचं काम करत. रंभाजी कमरेला दोर बांधून खाली उतरायचा आणि तुळाजी काठावर पाय रोवून दोर धरायचा. तळातून हाक मारली तर आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. म्हणून त्यांची खूण ठरलेली होती. खालच्याने दोर एकदा ओढला की थांब, दोनदा ओढला की वर घे. दोर धरणारा माणूसही असा लागे, जो स्वतः कधीतरी तळाला जाऊन आला आहे. इतरांना खालच्याची घुसमट कळत नाही, असं त्या कामातली माणसं मानत.

तरुणपणी तुळाजीही उतरलेला होता. त्याच्यासारखा दोर धरणारा पंचक्रोशीत नव्हता. पण त्याला दारूचं व्यसन लागलं. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग न्याहारीच्याही आधी. त्याची बायको सगुणा बोलून बोलून थकली. शपथा मात्र तुळाजी उदार हाताने घ्यायचा. खंडोबापुढे त्याने तीनदा बेलभंडार उचलला. पहिली शपथ महिनाभर टिकली, दुसरी आठवडाभर, आणि तिसरी देवळातून घरी पोचेपर्यंत. माझं मी सोडीन, मला कुणाची गरज नाही, असं तो दर वेळी म्हणे. टिकलं ते एवढं वाक्य.

एके दिवशी गावाबाहेरच्या मळ्यातल्या विहिरीत रंभाजी तळाशी होता. हवा कोंडली, त्याचं डोकं गरगरायला लागलं. त्याने दोर दोनदा ओढला. वर तुळाजी दारूच्या अंमलात झुलत होता. त्याला वाटलं, वाऱ्याने दोर हलला. रंभाजीने पुन्हा ओढला, तुळाजीला पुन्हा वाराच वाटला. शेवटी कपारींना धरत, गुडघे सोलून घेत रंभाजी आपला आपण वर आला. तो भांडला नाही. त्याने कमरेचा दोर सोडला, नीट वेटोळं केलं आणि तुळाजीच्या हातात दिलं.

"दोर तुझ्यापाशी ठेव," तो म्हणाला. "तुझ्या हातावर मी आता खाली उतरायचा न्हाई."

वीस वर्षांची सोबत तिथे थांबली. दारूपायी झालेलं बाकीचं सगळं तुळाजीने सोसलं होतं. हे मात्र त्याला सोसवेना. तो रडला.

सगुणाने दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की तालुक्याच्या गावी, वाचनालयामागच्या खोलीत, दर गुरुवारी दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं जमतात. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. तुळाजी तयार झाला, पण गावाला संशय नको म्हणून बाजाराची रिकामी पिशवी घेऊन निघाला. गुरुवारी तालुक्याला बाजार नसतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. खोलीत शिरतो तर समोर आपल्याच गावचे पोस्टमन दिगंबरराव बसलेले, आणि त्यांच्याही मांडीवर रिकामी पिशवी. चार वर्षं ते ती तशीच आणत आणि तशीच परत नेत होते.

तुळाजी महिनाभर जात राहिला. ऐकायचा, चहा प्यायचा, बोलायचा नाही. दारूला शिवला नाही. पाचव्या आठवड्यात एका लग्नात त्याचा पाय घसरला. गुरुवार आला तेव्हा त्याने पिशवी खुंटीवरून काढली नाही. कोणत्या तोंडाने जायचं? दिगंबरराव बोलवायला आले, तर तो म्हणाला की आधी महिनाभर बिनदारूचा राहीन, मग येईन. दिगंबररावांची नजर पिशवीशेजारी टांगलेल्या दोराकडे गेली.

"तुळाजी, विहिरीत जीव घुसमटला की तुम्ही काय करता?"

"दोर दोनदा वढतो."

"तेव्हा लाज वाटते?"

तुळाजीने खुंटीवरच्या दोराकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण काठावर उभे आहोत, अशी त्याची समजूत होती. आपण केव्हाचे तळाला आहोत हे त्याला आत्ता उमगलं. पिशवी न घेताच तो निघाला. खोलीत शिरल्यावर बसायच्या आधीच म्हणाला, "मी तुळाजी. परवा लग्नात प्यालो."

कुणी हसलं नाही, कुणी उपदेश केला नाही. एकाने सरकून जागा दिली. दुसऱ्याने सांगितलं की माझं तर असं तीनदा झालं. तिथला प्रत्येक जण तळाला जाऊन आलेला होता.

वर्ष उलटलं. एका सकाळी रंभाजी दारात आला. गुरुवारी अजून जातोस का, एवढंच त्याने विचारलं. तुळाजी म्हणाला, जातो. मग दोघे दोर घेऊन त्याच मळ्यातल्या विहिरीवर गेले. रंभाजीने दोर कमरेला बांधला आणि तो उतरू लागला. तळाला पोचण्याआधीच दोर दोनदा हलला. तुळाजीने त्याला भराभर वर ओढलं. काय झालं ते विचारताना त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काय न्हाई," रंभाजी म्हणाला. "बघत हुतो."

आणि तो पुन्हा खाली उतरला.

तात्पर्य: जीव घुसमटला की लाज न धरता दोर ओढावा, आणि तो अशांच्या हाती द्यावा जे स्वतः तळ पाहून आले आहेत. एकदा पाय घसरला म्हणून दोर सोडू नये.