येतो म्हणाला नि गेला

सांगा बरं, कुणाच्या घरून निघताना काय म्हणायचं? "येतो!" शहाणी माझी बाळं. पण या एवढ्याशा शब्दानं एक विहीर आटली होती, बरं का.

एकदा काय झालं, एका गावात डोंगरापलीकडची माणसं राहायला आली. घोंगड्या विणणारी. त्या गावची विहीर बोलकी होती. कुणाच्या मनात अढी बसली, की तिचं पाणी एक पायरी खाली जायचं.

पहिल्या दिवशी भिवा कुंभार त्या नव्या माणसांतल्या मैनूला घागर द्यायला गेला. "येतो हं, मैनूबाई," म्हणाला नि निघाला. मैनूला वाटलं, हा परत येतोय. तिनं तीन भाकऱ्या थापल्या. भिवा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तेलीण "येते" म्हणाली. तीही नाही आली. तिसऱ्या दिवशी पाटील. त्यांचंही तेच! भाकऱ्या वाळून पापड झाल्या.

"गाव आहे की लबाडांचा बाजार!" मैनू म्हणाली.

आणि मैनू? ती भिवाच्या दारातून निघताना म्हणाली, "जाते." भिवाच्या आईनं कानांवर हातच ठेवले. "अगं बाई, 'जाते' काय! कुणाच्या मुळावर आलीय ही?"

मग पाणी एक पायरी उतरलं. मग दुसरी. मग तळच दिसला.

मैनूच्या कडेवर तान्ही लेक. पाण्यावाचून राहायचं कसं? तिनं बोचकं बांधलं नि वाटेपुरतं तरी पाणी मिळतंय का बघायला विहिरीवर आली. भिवाही तिथंच. दोघांच्या घागरी रिकाम्याच वर आल्या.

मग विहीर बोलली, "आधी मला गोष्ट सांगा. घडलेली."

मैनूनं तोंड फिरवून सुरुवात केली. "एक होता कुंभार. येतो म्हणाला. बाईनं भाकऱ्या केल्या, वाट पाहिली..."

"अहो, पण मी तर निघालो होतो!"

"मग येतो का म्हणालात?"

"जाताना येतोच म्हणतात!"

"मग येताना काय म्हणता?"

भिवानं डोकं खाजवलं. "येताना... 'आलो' म्हणतो."

"यायच्या आधीच?"

"हो... म्हणजे... निघायच्याही आधी."

मैनू बघतच राहिली. तुम्हीही गोंधळलात ना? मीसुद्धा!

मग भिवानं आपली गोष्ट सांगितली. "एक होती म्हातारी. पाहुणी 'जाते' म्हणाली, तर ती दिवसभर जेवली नाही. आमच्यात कायमचं जाणाराच 'जातो' म्हणतो."

"अगोबाई! आमच्यात जाते म्हणजे नुसतं घरी जाते हो!"

आधी विहीर हसली. मग भिवा. मग मैनू. हसता हसता पाणी पायऱ्या चढत वर आलं. मैनूनं बोचकं तिथंच सोडलं.

"येतो हं, मैनूबाई," भिवा म्हणाला.

"म्हणजे जाताय ना?"

"आत्ता जातोय. पण उद्या खरंच येतो."

बाळांनो, मिटा आता डोळे. सकाळचं तेवढं सांगते. सकाळी भिवा आईला घेऊन मैनूकडे आला, आणि तिघांनी गरम भाकरी खाल्ली.